कच्चं चार

९ जानेवारी

नऊ गाणी पाठवून दिली. आता तो शेवटचा हात फिरवणारा इंजिनिअर सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणेल, आणि आमचा सहावा अल्बम एकदाचा हातावेगळा होईल.

फाइली पाठवायचं काम बावीस वर्षं माझ्याकडेच आहे. बँडमधल्या चौघांत आपला चष्मा कुठे ठेवलाय हे आठवणारी मी एकटीच. दादा गातो, गिटार वाजवतो आणि गाणी लिहितो, मी बेस वाजवते, ठोक्या ड्रम्स, मास्तर लीड गिटार. मास्तर खरोखरच मास्तर आहे, शाळेत भूगोल शिकवतो.

पहिल्या अल्बमच्या वेळी आम्ही एका फाइलला ‘फायनल’ असं नाव दिलं आणि दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरने मान टाकली. तेव्हापासून तो शब्द आमच्याकडे कुणी लिहीत नाही, उच्चारतही नाही. प्रत्येक फाइल ‘कच्चं’. कच्चं एक, कच्चं दोन, असं वाढत जातं, आणि सगळ्यात मोठा आकडा म्हणजे पक्कं. बाहेरच्याला खुळेपणा वाटतो. वाटू दे.

पाठवण्याआधी प्रत्येक गाणं एकदा ऐकायचं असा माझाच नियम आहे. ऐकलं. चहा गार झाला. सगळं ठीक वाटलं. ऑगस्टमध्ये बाबा गेल्यापासून मला सगळंच ठीक वाटतं.

दुपारी छापखान्यात बसच्या वेळापत्रकाची प्रुफं तपासली. ५.६० ला सुटणारी एक बस पकडली.

१३ जानेवारी

इंजिनिअरने काम परत पाठवलं. सोबत एक ओळ: ‘सातवं अंगावर आलं. धाडस केलंत.’ आभार मानले. सगळ्यांनाच असं काहीतरी लिहीत असणार.

आता अल्बम बाहेर पडेपर्यंत चौघांपैकी कुणीही तो ऐकायचा नाही. हाही नियमच. तिसऱ्या अल्बमच्या वेळी ठोक्या मध्येच ऐकत बसला आणि पाच दिवस फोन करून त्याने आम्हाला खाल्लं, इथे झांज कमी करा, तिथे वाढवा.

घरी आले, दोन अंडी उकडली, एक खाल्लं.

७ फेब्रुवारी

अल्बम आज आला. नऊ वाजता ठोक्याचा फोन. मी छापखान्यात, पुढ्यात कॅलेंडरची प्रुफं.

“सातवं ऐकलंस का?”

“नाही. का?”

“तू गातेयस त्यात.” आधी तो हसला, मग थांबला. “गोळ्यांचं गाणं लागलंय. तुझं भरताड.”

भरताड म्हणजे काय ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच विसरेन. आमच्यात आधी चाल होते, शब्द मागून येतात. दादाचे शब्द येईपर्यंत चालीत काहीतरी भरायला लागतं, तर जो मोकळा असेल तो तोंडाला येईल ते गातो. ठोक्या भाज्यांची नावं गातो. मास्तर देशांच्या राजधान्या गातो, त्याही वर्णक्रमाने. सप्टेंबरात सातव्याची चाल बसवत होतो तेव्हा दादाचा घसा बसला होता, म्हणून मी उभी राहिले. मला काही सुचेना. कोटाच्या खिशात हात घातला तर एक कागद लागला. बाबांना सांभाळायला दिवसपाळीच्या बाई यायच्या, त्यांच्यासाठी मी तो लिहून भिंतीला लावला होता; बाबा गेल्यावर काढून खिशात टाकला असणार. तोच चालीत वाचला.

आठला पांढरी, अर्धीच द्या.
दहाला पिवळी, पाण्यासोबत.
बाराला गुलाबी, विसरू नका.
झोपले असतील तर उठवू नका.

चार ओळी, फिरून फिरून त्याच. एकदाच गायले. चाल कळली, काम झालं.

“दादाला सांगितलंस?” मी ठोक्याला विचारलं.

“तू सांग की. भाऊ तुझा.”

मी सांगितलं नाही. एक वाजता त्याचाच निरोप आला: ‘हे काय आहे.’ पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

८ फेब्रुवारी

मास्तरच्या गॅरेजमध्ये बैठक. आम्ही तिथेच वाजवतो. भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात आणि कोपऱ्यात त्यांचं कपडे धुण्याचं मशीन आहे, ते मास्तरची बायको नेमकं हळव्या गाण्याच्या वेळी सुरू करते. आज बंद होतं.

काय झालं ते मी सांगितलं. सातव्याच्या दोनच फाइली उरल्या होत्या, कच्चं चार आणि कच्चं अकरा. अकरा दादाची, पक्की. पण कॉम्प्युटर आकडा आकड्यासारखा वाचत नाही, पहिला एक बघून तो अकराला चारच्या आधी बसवतो. म्हणून यादीत सगळ्यात खाली चार होती. मी खालची उचलली.

“बाकीच्या तू उडवल्यास,” ठोक्या म्हणाला. “मग चार कशी राहिली?”

“राहिली असेल.”

“पाठवताना ऐकतेस ना तू?” दादाने विचारलं. तो मशीनला टेकून उभा होता.

“ऐकलं होतं.”

“मग?”

“ठीक वाटलं.”

“स्वतःचा आवाज आला. माझ्या गाण्यात. आणि ठीक वाटलं?”

मी हो म्हटलं. खोटं काय बोलायचं. तुझ्या हातून एक अनुस्वार निसटत नाही आणि अख्खा गायक निसटला, असं मास्तर म्हणाला. कुणी हसलं नाही. एरवी हसलो असतो.

कच्चं अकरामध्ये दादाने बाबांवर लिहिलं होतं. खिडकीतली रिकामी खुर्ची, तिच्यावरचं ऊन, असं. चार महिने लागले त्याला. गाणं चांगलं होतं. कडव्यात खुर्ची दोनदा आली होती, ते मी त्याला दाखवलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता की दोनदाच हवीय. आता ती एकदाही आलेली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाईट काही वाटेना, नुसती पायाला गॅरेजची फरशी गार लागत होती.

फाइल बदलायची आणि चूक झाली म्हणून कळवायचं, असं ठरलं.

११ फेब्रुवारी

बदलायची राहिली. अर्ज दोनदा भरला आणि दोनदा अर्धवट सोडला. वेबसाइट नीट चालत नाही.

आज तो जुना समीक्षक बोलला. दुसऱ्या अल्बमपासून आमच्या मागे आहे, टक्कल पडताना आम्ही त्याला पाहिलंय आणि त्याने आम्हाला. आठ गाण्यांबद्दल त्याने लिहिलंय की ‘बँडने पाट्या टाकल्या आहेत. सफाई आहे, गरज नाही.’ आणि मग सातव्यावर तीन परिच्छेद. ‘संसार मोडताना दोन माणसं एकमेकांशी फक्त वेळापत्रकात बोलतात. हे गाणं ते वेळापत्रक आहे.’ माझा संसार झालेलाच नाही, पण असो.

संध्याकाळी दादाचा फोन.

“बदलू नकोस आता.”

“का?”

“एकच चांगलं होतं तेही काढलं म्हणतील.”

“तुला चालेल?”

“मला कोण विचारतंय,” म्हणाला आणि वहिनीकडे फोन दिला. वहिनीने जेवलीस का विचारलं. मी हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी

काही नाही. नळाचा वॉशर बदलला.

१९ फेब्रुवारी

ऐकणारे लिहिताहेत. ठोक्या सगळं जमवून मला धाडतो, तो हरखून गेलाय. बावीस वर्षांत एवढं कुणी लिहिलं नव्हतं.

एक म्हणतो, हे त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं गाणं आहे, तो ऐकून तासभर गाडीतच बसून राहिला. एका आईचं बाळ दुसऱ्या कशाने झोपत नाही. एका विद्यार्थ्याने पंधरा मुद्द्यांत सिद्ध केलंय की गोळ्या म्हणजे सरकार. एका औषधविक्रेत्याने अगदी अदबीने विचारलंय की दहाची पिवळी जेवणाआधी की नंतर, तेवढं स्पष्ट केलं असतंत तर बरं. हा माणूस मला आवडला.

एकाने शेवटची ओळ दंडावर गोंदवून घेतली आणि फोटो पाठवला. ‘झोपले असतील तर उठवू नाका.’ कळवावं का, यावर बराच विचार केला. नाही कळवलं. दंड त्याचा.

सगळ्यांना तीच ओळ हवी आहे. माया आहे म्हणे तिच्यात.

इथे लिहून टाकते, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाहीये. बाबांना झोप लागायची नाही. पहाटे कधीतरी डोळा लागला आणि कुणी उठवलं की दिवसभर खेकसायचे. म्हणून मी ती ओळ लिहिली, ठळक, खाली दोन रेघा मारून. पण बाराची गुलाबी गोळी छातीची होती. ती चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन्ही गोष्टी मी एकाच कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि मला त्यात काही खटकलं नाही. दुसऱ्या कुणाच्या कागदात खटकलं असतं.

ऑगस्टमधल्या त्या बुधवारी आम्ही सातव्याचीच चाल धरून बसलो होतो. बारा वाजता मी गॅरेजमधून फोन केला. बाई म्हणाल्या, झोपलेत. मी म्हटलं, मग उठवू नका, मी येऊन देते. मग ठोक्या म्हणाला, अजून एकदा. मग दादा म्हणाला, अजून एकदा. सव्वादोनला घरी पोचले तर बाई दारात उभ्या. झोपेतच गेले, म्हणाल्या. पदराने हात पुसत होत्या, हात कोरडेच होते.

मी डॉक्टरांना काही विचारलं नाही. बाई त्या संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच. नंतर दोनदा फोन केला, उचलला नाही. मलाही बरंच वाटलं.

तर असं आहे. लोक जी ओळ बाळांना ऐकवताहेत, तिच्यामुळे माझे बाबा गेले. हे लिहिताना हात थरथरेल असं वाटलं होतं. अक्षर चांगलं आलंय.

२४ फेब्रुवारी

दादा आणि वहिनी बाबांची खोली आवरायला आले. सहा महिने मी टाळलं. वहिनीने कपडे घड्या घालून तीन ढीग केले. दादा मधोमध उभा राहून वस्तू उचलून ठेवत होता. वस्तू जिथल्या तिथेच राहिल्या.

ड्रॉवरमध्ये गोळ्यांची डबी होती. सात दिवसांच्या सात ओळी, सकाळ-दुपार-रात्र असे तीन तीन खण, वर झाकणं. रविवारी मी ती भरायचे. दादाने ती उचलून हलवली. आत वाजलं.

“टाकू?”

“ठेव.”

“कशाला?”

“ठेव म्हटलं ना.”

त्याने ठेवली. डबी मी तेव्हापासून उघडलेली नाही. उघडून काय बघायचं, बुधवारच्या दुपारच्या खणात गुलाबी गोळी असणार. ती मला बघायची नाही.

मग दादा पलंगाच्या कडेवर बसला. “एक विचारू? मुद्दाम केलंस का?”

“काय?”

“चार पाठवलीस ते.”

“नाही.”

“मुद्दाम केलं असतंस तरी मी समजून घेतलं असतं.” मग जरा वेळाने, “नसतं घेतलं. चिडलो असतो.”

“आत्ताही चिडलायसच.”

“त्याचा राग नाही गं.” वहिनी ढीग तसाच सोडून स्वयंपाकघरात गेली. ती बरोबर वेळेला जाते. “मी महिन्यातून एकदा यायचो. तासभर बसायचो. तेवढ्यात मला जे दिसायचं ते मी लिहिलं. ऊन नि खुर्ची. गोळ्यांचे रंग मला माहीत नव्हते.”

मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. ती खुर्ची तूच आणून दिली होतीस, असं म्हणता आलं असतं, ते खरंही आहे. मी म्हटलं, चहा ठेवते.

२८ फेब्रुवारी

आठ तारखेच्या कार्यक्रमाची तिकिटं संपली. आमच्या बाबतीत हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय.

३ मार्च

तालीम. सातवं कोण गाणार हे ठरलं नव्हतं. शेवटी दादाने माइकचा दांडा उचलला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. उंची कमी केली, स्क्रू आवळला, मागे गेला.

गायले. मास्तर म्हणाला, सुरात आहे. ठोक्या तिसऱ्या फेरीला वाजवायचा थांबला आणि नाक पुसत बसला. मी त्याला विचारलं, काय झालं, ठेका का सोडलास. म्हणाला, “तू खरंच विचारतेयस?”

खरंच विचारत होते. ठोक्या सिनेमातही रडतो.

६ मार्च

बाई आल्या होत्या.

दुपारची सुट्टी झाली होती आणि मी टेबलावरच डबा उघडला होता. दारावरचा माणूस म्हणाला, तुमच्याकडे कुणीतरी आलंय. बघते तर बाई. तीच खांद्याला अडकवलेली मोठी पिशवी, केस थोडे जास्त पांढरे. त्यांना आत आणून खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

“ताई, तुम्ही मला घरी बोलावून चार शब्द सुनावायचे होते. मी ऐकून घेतले असते. गाण्यात कशाला घातलंत?”

मला काही कळेना.

“सध्या मी एका आजींकडे असते. त्यांची नात दिवसभर तेच लावते. झोपले असतील तर उठवू नका, झोपले असतील तर उठवू नका. पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्या हातातलं भांडं पडलं. तुमचा आवाज मी ओळखला ना. मला वाटलं, सगळ्या जगाला कळलं.”

“काय कळलं?”

“मी उठवलं होतं ते.”

छापखान्याची मशीनं सुट्टीत बंद असतात. दोन टेबलं सोडून कुणीतरी सफरचंद खात होतं, ते ऐकू येत होतं.

मग त्यांनी सांगितलं. मी बाराला फोन ठेवला. साडेबारापर्यंत त्या घड्याळाकडे बघत बसल्या. गुलाबी गोळीचं डॉक्टरांनी त्यांच्यादेखत सांगितलं होतं. तुम्ही लवकर आला असतात तर प्रश्न नव्हता, असंही म्हणाल्या, अगदी सहज, मला बोचावं म्हणून नव्हे. शेवटी त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावून त्यांना उठवलं. गोळी दिली. ते परत झोपले. दीडला बघितलं तर श्वास नव्हता.

“दचकले असतील हो. म्हातारं माणूस. तुम्ही दोन रेघा मारून लिहिलं होतं आणि मी ऐकलं नाही. मग कुठल्या तोंडाने तुमचा फोन उचलायचा?”

मी म्हटलं, बाई, बसा. आता त्या बसल्या. मीही बसले. मी त्यांना सांगितलं की ते गाणं त्यांच्यावर नाहीये. आणि गोळी चुकली म्हणून ते गेले, असं मी धरून चालले होते. हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले. त्यांनी बोटांवर मोजलं.

“सात महिने?”

“तुम्हीही सात महिनेच.”

मी डबा पुढे सरकवला. त्यांनी पावाचा एक तुकडा घेतला. मग मी विचारलं, उठल्यावर बाबा काही बोलले का.

“चिडले. दुसरं काय करायचे ते?” बाई थोडं हसल्या. “कागदाकडे बोट दाखवलं. म्हणाले, एवढं मोठं लिहून ठेवलंय माझ्या मुलीने, तुम्हाला वाचता येत नाही का? मी म्हटलं, येतं, पण आधी गोळी घ्या. घेतली. पाणी कोमट आहे म्हणाले. दुसरं आणून दिलं. अख्खा पेला प्यायले आणि कूस वळले.”

सुट्टी संपली, मशीनं सुरू झाली. बाईंना फाटकापर्यंत सोडायला गेले. परत येऊन एका लग्नपत्रिकेचं प्रूफ हातात घेतलं आणि साडेपाचपर्यंत तेच हातात होतं. वधूच्या मामाचं नाव दोनदा छापलं होतं म्हणे. शेजारच्याने पकडलं.

७ मार्च

डबी ड्रॉवरमध्येच आहे. बाई खोटं कशाला बोलतील. पण मला बरं वाटावं म्हणूनही बोलू शकतात, तसा त्यांचा स्वभाव आहे. उघडलं की कळेल. आज नाही उघडली.

८ मार्च

कार्यक्रम झाला. सभागृह भरलं होतं, संध्याकाळी सहालाच दारात रांग. दंडावाला पहिल्या रांगेत, बिनबाह्यांच्या बनियनमध्ये. ‘नाका’ लांबूनही वाचता येत होतं.

पहिली सहा गाणी लोकांनी मान डोलावून ऐकली. दादा चांगला गायला. मग तो बाजूला झाला आणि मी माइकपाशी गेले, आणि सगळे एकदम गप्प झाले. पांढरी, पिवळी, गुलाबी. चौथ्या ओळीला मी तोंड उघडलं आणि आवाज माझा आला नाही, लोकांचा आला. सहाशे माणसं हळू आवाजात म्हणत होती, झोपले असतील तर उठवू नका. आणि मला दिसले बाबा, कोपरावर उठून बसलेले, भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवत. वाचता येत नाही का.

मला हसू आलं. थांबवता येईना. बेसचे सूर चुकले, दोन, तीन, मग हातच थांबले. दादा माझ्याकडे बघत होता. तो जवळ आला, माझी बेसची ओळ त्याच्या गिटारवर उचलली आणि मी परत गायला लागेपर्यंत वाजवत राहिला. लोकांना वाटलं मी रडतेय. समोरचे बरेच जण रडत होते.

शेवटी दादाने एकट्याने गिटारवर कच्चं अकरा गायलं. लोकांनी शांतपणे ऐकलं, टाळ्या बेताच्या पडल्या. खुर्ची दुसऱ्यांदा आली तेव्हा मला कळलं की ती दोनदाच हवी होती. नंतर त्याला तसं सांगितलं. “आत्ता सांगतेस,” म्हणाला, पण त्याचा चेहरा खुलला.

९ मार्च

सकाळी फोन करून दादाला बोलावून घेतलं. एकटाच ये म्हटलं.

बाबांच्या खोलीत बसून त्याला सगळं सांगितलं. बाराचा फोन, दोन अजून एकदा, कागदाखालच्या दोन रेघा, बाई. सांगताना क्रम चुकला, मागे जाऊन परत सांगावं लागलं. संपल्यावर तो म्हणाला, “दुसरं ‘अजून एकदा’ माझं होतं.”

“हो.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगून काय झालं असतं?”

“मीही थोडं उचललं असतं की गं.”

मग मी ड्रॉवर उघडला. डबी त्याच्या हातात दिली, माझ्याने झाकण निघेना. त्याने विचारलं, कुठला खण. मी म्हटलं, बुधवार, मधला.

रिकामा होता. रात्रीच्या खणात दोन गोळ्या होत्या, गुरुवारचे तिन्ही खण भरलेले, शुक्रवारचे, शनिवारचे. बुधवार दुपार रिकामी. मी बोट घालून बघितलं. कोपऱ्यात थोडी गुलाबी भुकटी होती, ती बोटाला लागली.

तेव्हा मी रडले. किती वेळ ते माहीत नाही. दादाने माझी पाठ थोपटली, जोरात, लहानपणी ठसका लागल्यावर थोपटायचा तशी. त्याच्या लक्षात आलं नसेल पण मला लागत होतं. मी सांगितलं नाही. लागतंय हे बरं वाटत होतं.

नंतर बाईंना फोन केला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. डबीचं सांगितलं. “मी सांगितलं होतं ना,” म्हणाल्या आणि मग दोनदा विचारलं, खण खरंच रिकामा होता ना. पुढच्या रविवारी चहाला येणार आहेत.

फोन ठेवून खोलीत आले तर दादा बाबांच्या पलंगावर आडवा होऊन झोपून गेलेला, बूट पायात, तोंड उघडं. कालची दमणूक असणार. मी स्वयंपाकघरात जाऊन सूप केलं, पाव गरम केला, दोन ताटल्या मांडल्या. परत येऊन दारात उभी राहिले. भिंतीवर कागद लावायच्या चार टाचण्या अजून तशाच होत्या. त्याचा श्वास चालू होता. मोजले, सगळे ठीक पडत होते.

सूप निवायला लागलं. खांद्याला हात लावून त्याला उठवलं. चिडला.